जुन्या वाड्यांत शहराचे कलादालन : कागदावरची चित्रे तेथे टिकतील काय?

गोदाकन्या, पंचवटी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वडील नाशिकमधल्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. रविवारी पहाटे ते पाट आणि रंगपेटी घेऊन घाटावर जाऊन बसत आणि ऊन चढायच्या आत एक चित्र पुरे करूनच घरी परतत. त्यांच्या मागे आमच्याकडे जलरंगातील १४० चित्रे आहेत. त्यांत रामकुंड आहे, गाडगे महाराज पुलाजवळचे धुणे आहे, सुंदरनारायणाच्या पायऱ्या आहेत आणि आज जागेवर नसलेले कितीतरी वाडे आहेत. प्रत्येक कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने वेळ लिहिलेली आहे. नारोशंकराच्या देवळावरच्या घंटेचे एक चित्र आहे. त्याच्या मागे ‘सकाळी ७.४०, पाणी उतरले’ एवढेच शब्द आहेत, आणि चित्रात खरोखरच घंटेखालचा दगड अर्धा ओला व अर्धा सुकलेला दिसतो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने गावातल्या एका जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात प्रदर्शन भरवले आणि त्यासाठी आमच्याकडून अकरा चित्रे नेली. श्रावणाचे दिवस होते. तीन आठवड्यांनी चित्रे परत आली तेव्हा तीन चित्रांच्या आभाळात भुरे ठिपके उठले होते आणि त्यांतल्याच एकाचा कागद काचेला चिकटला होता. कोणाचे नाव घेण्याची माझी इच्छा नाही, कारण त्यांनी हे जाणूनबुजून केले नव्हते. परंतु त्या दिवसापासून वाड्यात चित्रे लावायची म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो.

यंदाच्या वैशाखात मुलाकडे प्रागला जाणे झाले. तेथे शहराचे स्वतःचे कलादालन आहे. ते १९६३ साली स्थापन झाले आणि ते एका इमारतीत नसून गावभर विखुरलेल्या जुन्या वास्तूंमध्ये आहे. जुन्या शहराच्या चौकातले चौदाव्या शतकातले ‘दगडी घंटेचे घर’, चार्ल्स पुलाच्या वाटेवरचा कोलोरेडो-मान्सफेल्ड राजवाडा, नदीपलीकडचा त्रोयाचा महाल अशी त्याची ठिकाणे आहेत. दगडी घंटेच्या घराच्या कोपऱ्यावर खरोखरच दगडाची घंटा बसवलेली आहे. तिच्यापुढे उभी असताना मला नारोशंकराची घंटा आठवली, आणि आपल्या गावात असे का होऊ नये हा विचार काही केल्या मनातून जाईना.

म्हणून दोन गोष्टी विचारते. कागदावरची चित्रे वाड्यात सुरक्षित राहू शकतात का, की सिमेंटच्या नव्या इमारतीचाच आग्रह धरावा? आणि पेशवेकालीन सरकारवाड्यासारख्या किंवा खाजगी मालकीच्या वाड्यांतून नाशिक शहराचे असे विखुरलेले कलादालन उभे राहणे शक्य आहे का? मी आता पासष्टीला आले आहे. ही चित्रे कोणाच्या हवाली करायची याचा निर्णय मला हातपाय चालताहेत तोवर घ्यायचा आहे.

चुनाकाम

ताई, आपल्या वडिलांच्या चित्रांचे वर्णन वाचून फार बरे वाटले आणि पुढचे वाचून वाईट वाटले. मी वास्तुविशारद आहे आणि गेली अनेक वर्षे जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या चित्रांचे नुकसान वाड्याने केले असे मला वाटत नाही. ते बहुधा वाड्याला नंतर केलेल्या गिलाव्याने केले. आपल्याकडचा वाडा म्हणजे खाली काळ्या दगडाचे जोते, त्यावर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या, चुन्याने लिंपलेल्या जाड भिंती. जमिनीतली ओल या भिंतीत थोडी चढतेच, परंतु चुना ती धरून ठेवत नाही. दिवसभराच्या वाऱ्याने ती बाहेर निघून जाते. त्याच भिंतीवर कोणी ‘मजबुती’साठी सिमेंटचा गिलावा केला आणि वर तैलरंग फासला की ओलीची वाट बंद होते. मग ती भिंतीतल्या भिंतीत वर वर चढते, पुरुषभर उंचीवर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो आणि नेमक्या त्याच उंचीवर आपण चित्रे टांगतो. चौकटीची मागची बाजू अशा भिंतीला टेकलेली असेल तर श्रावणातल्या तीन आठवड्यांत बुरशीचे ठिपके पडणे मुळीच नवलाचे नाही. आपण पुन्हा कधी त्या दिवाणखान्यात गेलात तर भिंतीवर हात ठेवून पाहा. चुन्याची भिंत गार लागते, पण कोरडी असते. सिमेंट केलेल्या जुन्या भिंतीला पावसाळ्यात हात चिकटल्यासारखा होतो.

कागद काचेला चिकटला याचा दोष तर भिंतीकडेही जात नाही. कागद आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या खिडकीची, म्हणजे माउंटची, जाडी असायलाच हवी. बाजारात चौकट करायला दिली की पुष्कळदा मागे हार्डबोर्ड ठोकून आणि चिकटपट्टी लावून देतात. त्या लाकडी भुशातले आम्ल काही वर्षांत कागद तपकिरी करून टाकते. आम्लरहित पुठ्ठा, सुती कागदाच्या बिजागऱ्या, गव्हाच्या किंवा तांदळाच्या शुद्ध स्टार्चची खळ आणि चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे, म्हणजे भिंत व चौकट यांच्यामधून हवा खेळती राहील, एवढे केले तरी अर्धी काळजी मिटते. जी तीन चित्रे खराब झाली आहेत त्यांना मात्र घरी हात लावू नका. काचेला चिकटलेला कागद ओढून काढला तर रंग काचेवरच राहील. ते काम कागदसंवर्धकाकडेच द्यावे.

आता उजेडाविषयी, कारण जलरंगाचा ओलीइतकाच मोठा शत्रू उजेड आहे. संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांसाठी साधारण ५० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड पुरेसा मानतात. तैलचित्रांना त्याच्या तिप्पट-चौपट चालतो. आपल्या वाड्यांची रचना येथे कामास येते. चौकालगतची ओसरी उजळ असते, तेथे दगडी शिल्पे, तांब्या-पितळेची भांडी, फार तर मोठी तैलचित्रे ठेवावीत. माजघरात दुपारीही मंद उजेड असतो. घरच्यांना तो कमी वाटे, परंतु जलरंगाला तेवढाच हवा असतो. उजेडाने झालेले नुकसान साठत जाते आणि ते परत भरून निघत नाही, म्हणून एक चित्र वर्षभर टांगून ठेवू नये. आपल्याकडे १४० चित्रे आहेत. एका वेळी बारा लावली आणि दर तीन महिन्यांनी बदलली तर सगळा संच दाखवून व्हायला जवळजवळ तीन वर्षे लागतील, म्हणजे प्रत्येक चित्र तीन वर्षांत तीन महिनेच उजेडात राहील आणि नाशिककरांना दर ऋतूत नवे काही पाहायला मिळेल. मला तर ही अडचण न वाटता मोठीच सोय वाटते.

वातानुकूलन लावले की प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते, त्यांना मी आवर्जून विरोध करतो. दिवसा यंत्र चालू आणि रात्री बंद असे केल्याने हवेतील आर्द्रता रोज वर-खाली होते, कागद रोज फुगतो आणि आकसतो, आणि त्यापेक्षा यंत्र नसलेले पुष्कळ बरे. नाशिकचा चैत्र कोरडा आणि श्रावण दमट. हा फरक जाड भिंतींचा वाडा हळूहळू अंगावर घेतो. नव्या इमारतीच्या चार इंची भिंतीला ते जमत नाही. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की चुन्याचा वाडा चालेल, सिमेंट फासलेला वाडा चालणार नाही, आणि कुठल्याही वाड्यात एक पूर्ण वर्ष आर्द्रतेची नोंद ठेवल्याशिवाय एकही कागद नेऊ नये.

दोन सावधगिरीच्या गोष्टी राहिल्या. माडीचा कडीपाट घरच्या वावरासाठी केलेला असतो. उद्घाटनाला शंभर माणसे एकदम वर चढू लागली तर तुळया तपासलेल्या असल्या पाहिजेत. आणि लाकडी वास्तूत जुन्या वायरिंगइतकी भीती मला दुसऱ्या कशाचीच वाटत नाही. रंगकाम राहिले तरी चालेल, विजेचे काम आधी करावे.

व्लताव्हाकाठचा नाशिककर

मी गेली नऊ वर्षे प्रागमध्ये राहतो आणि आपण लिहिलेल्या सर्व ठिकाणी अनेकदा गेलो आहे. एका गोष्टीची भर घालावीशी वाटते, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तिच्यात दिसते.

दगडी घंटेचे घर आज जसे दिसते तसे ते शतकानुशतके दिसत नव्हते. त्याच्या गॉथिक दर्शनी भागावर पुढच्या काळातल्या मालकांनी आपल्या आवडीचा बरोक थाटाचा नवा दर्शनी भाग चढवला होता आणि विसाव्या शतकात अभ्यासकांनी शोध घेईपर्यंत आत काय दडले आहे हे लोक विसरून गेले होते. वरचा थर उतरवून मूळ दगडी काम मोकळे करण्याचे काम १९८८ पर्यंत चालले आणि मगच ते घर प्रदर्शनांसाठी उघडले. आत जुन्या भिंतिचित्रांचे अवशेष अजून आहेत. तेथे कायमचा संग्रह मांडलेला नसतो. प्रदर्शने बदलत राहतात. चित्र बदलले तरी घर तेच राहते, त्यामुळे निम्मे लोक घर पाहायलाच येतात असे माझे निरीक्षण आहे.

त्रोयाचा महाल निराळा. तो सतराव्या शतकाच्या अखेरीस श्टर्नबेर्क घराण्याच्या एका सरदाराने उन्हाळी निवासासाठी बांधून घेतला. त्याच्या मोठ्या दालनाचे छत आणि भिंती गोडेन नावाच्या फ्लेमिश चित्रकाराने रंगवल्या आहेत, आणि त्यांत एक पगडीवाला तुर्की सैनिक भिंतीवरून खाली कोसळतो आहे असा हुबेहूब भास होतो. माझ्या धाकट्या मुलीने त्याला पाहून पहिल्यांदा माझा हात घट्ट धरला होता. अशा दालनात चौकटी टांगायच्या कशाला? तेथे वास्तू हेच चित्र आहे. उलट भव्य आधुनिक प्रदर्शने हेच कलादालन महापालिकेच्या वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर भरवते, आणि ती इमारत १९२८ सालची आहे. शिल्पकार फ्रांतिशेक बीलेक याने स्वतःसाठी बांधलेल्या घरात त्याचीच शिल्पे आहेत.

तात्पर्य, त्यांनी प्रत्येक वास्तूला तिला झेपेल तेच काम दिले आहे. नाशिकमध्ये सगळे काही एकाच वाड्यात कोंबण्याचा हट्ट धरला तर वाडाही जाईल आणि चित्रेही जातील. आणि चांदवडचा रंगमहाल आपण का विसरतो? होळकरांच्या त्या वाड्यातली भिंतिचित्रे आपल्याच जिल्ह्यात आहेत. शहराच्या कलादालनाची एक शाखा तेथे असावी आणि तेथे दुसरे काहीही न टांगता फक्त त्या भिंती नीट उजेडात दाखवाव्यात, असे मला फार वाटते.

एक गोष्ट मात्र दोन्ही गावांची सारखी आहे, आणि ती म्हणजे नदी. २००२ च्या ऑगस्टमध्ये व्लताव्हाला मोठा पूर आला तेव्हा त्रोयाचा नदीकाठ पाण्याखाली गेला होता. जे गाव नदीकाठी वसले आहे त्याने तळमजल्यावर कागद ठेवू नये.

दुतोंड्या मारुतीचा शेजारी

शेवटचे वाक्य आमच्या गल्लीत मोठ्या अक्षरांत लावावे असे आहे. आमचे दुकान सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला आहे. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी आले की माल वर चढवायचा, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. २००८ च्या पुरात आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी स्वतः वह्या, गाद्या आणि आजोबांचा तराजू माडीवर नेला आहे. २००८ साली पाणी ओसरल्यावर देवघराच्या कोनाड्यात जी चिखलाची रेघ राहिली ती आम्ही मुद्दाम पुसलेली नाही. ती माझ्या खांद्याला लागते. सरकारवाड्याचे जोते उंच आहे हे खरे, आणि पेशव्यांच्या माणसांनी ते उगाच तेवढे उंच केले नव्हते. तरीही कलादालन करायचे तर चित्रे माडीवर आणि तळमजल्यावर फक्त दगड, हाच नियम असावा.

आता वाड्यांच्या मालकीबद्दल थोडे कडू पण खरे लिहितो. सरकारवाडा राज्याचे संरक्षित स्मारक आहे. तेथे निर्णय एका दाराने होऊ शकतो. खाजगी वाड्यांचे तसे नाही. आमच्याच वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर सतरा नावे आहेत, त्यांतली पाच माणसे पुण्या-मुंबईला, दोन परदेशात, आणि मागच्या बाजूला तीन पिढ्यांचे भाडेकरू. भाडे इतके जुने आहे की त्यात वर्षाची कौलेसुद्धा शाकारून होत नाहीत. दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांच्या दारावर नोटिसा लागतात. नोटीस लागली की भाडेकरू जागेचा हक्क जाईल म्हणून घाबरतो आणि मालक भिंत अंगावर येईल म्हणून. दोघेही काही करत नाहीत आणि एका रात्री पावसात माडी खाली येते. वारसांना वाडा नको आहे असे लोक म्हणतात, ते खरे नाही. वाडा राखण्याचा खर्च एकट्याने कसा करायचा हे त्यांना कोणी सांगत नाही. शहराने वाडा विकत घ्यावा असे माझे म्हणणे नाही. तीस वर्षांच्या कराराने पुढचा चौक आणि माडी घ्यावी, दुरुस्ती करावी, मालकी आमच्याकडेच राहू द्यावी. असा प्रस्ताव आला तर सतरापैकी बहुतेक सह्या मी स्वतः गोळा करीन.

महापालिकेला हे पेलणार नाही असे कोणी म्हणेल, तर मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे. १८७२ साली लोकांसाठी उघडलेली ती इमारत पार दुर्दशेला गेली होती. २००३ साली महापालिकेने वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठानाशी त्रिपक्षीय करार केला, काम जाणकारांच्या हाती दिले आणि २००८ मध्ये ते संग्रहालय पुन्हा उघडले. कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मालकी पालिकेची, पैसा आणि जाणकारी इतरांचीही. हे आपल्या राज्यात एकदा झालेले आहे.

पंचगंगेकाठून

मी नाशिकचा नाही, तरी राहवले नाही म्हणून लिहितो. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे, हाताच्या आडोशाने समई जपणाऱ्या स्त्रीचे चित्र आपण सर्वांनी छापील रूपात पाहिलेले आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे, आणि पुष्कळांना ते तैलचित्र वाटते. प्रत्यक्षात ते जलरंगातले आहे. त्यासाठी बसली होती चित्रकाराची मुलगी गीता, जी पुढे आमच्या कोल्हापूरची सून होऊन उपळेकर झाली. तो राजवाडा १८६१ सालचा. तेथे ते चित्र अंधाऱ्या जागेत ठेवलेले मी पाहिले. समईचा उजेड चेहऱ्यावर पडल्यासारखा वाटावा म्हणून तसे केले आहे, परंतु कागदालाही तो अंधार मानवला असणार.

दुसरी बाजूही सांगतो. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींकडे राजवाडा होता, ते स्वतः चित्रकार होते. तरी आपला संग्रह त्यांनी राजवाड्यात न ठेवता यमाईच्या डोंगरावर त्यासाठी मुद्दाम इमारत बांधली आणि १९३८ मध्ये तेथे श्री भवानी संग्रहालय सुरू केले. राजाला जे उमगले त्याचाही विचार व्हावा.

गोदाकन्या, पंचवटी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मी मनापासून आभारी आहे. काल सकाळी चुनाकाम यांनी सांगितल्याप्रमाणे दोन चौकटींच्या पाठी उघडून पाहिल्या. दोन्हींना हार्डबोर्ड होता आणि कागदाच्या कडांना त्याचाच तपकिरी पट्टा उमटला होता. आता सर्वच चौकटी उघडून कागद मोकळे करायचे ठरवले आहे. खराब झालेली तीन चित्रे मात्र आहेत तशी बांधून ठेवली आहेत. ती संवर्धकाकडे जातील. सर्व १४० चित्रांची, पाठीमागच्या मजकुरासह, छायाचित्रे काढून यादी करण्याचे काम भाचीने अंगावर घेतले आहे. यादी पूर्ण होईपर्यंत मी मूळ चित्रे कोणालाही देणार नाही, नव्या इमारतीलाही नाही आणि वाड्यालाही नाही.

सराफ बाजारातल्या दादांना एक विनंती आहे. आपल्या माडीवरच्या आतल्या खोलीत आर्द्रतामापक ठेवू द्याल का? भिंतींना चुनाच असेल तर आषाढापासून पुढच्या ज्येष्ठापर्यंत रोज सकाळ-संध्याकाळचा आकडा वहीत लिहायला मी येईन. पंचवटीतून होळकर पूल ओलांडला की मला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. आणि आल्यावर आपल्याला एक चित्र दाखवायचे आहे. त्याच्या मागे ‘सराफ बाजार, खालचे अंग, माडीवरून चौक’ असे लिहिले आहे. चौकातल्या तुळशीवृंदावनाशेजारी कोणीतरी पितळी तराजू घासत बसले आहे. तो वाडा आपला आहे का, हे आपणच सांगू शकाल.

दुतोंड्या मारुतीचा शेजारी

ताई, अवश्य या. माडीच्या भिंती चुन्याच्याच आहेत, वडिलांनी कोणाला सिमेंट लावू दिले नाही. तराजूची एक साखळी मधेच तांब्याच्या तारेने जोडलेली आहे. चित्रात तेवढे दिसते का ते येण्याआधी पाहून ठेवा.